शाळेमागचं मैदान

२०१९ साल होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी भाचीकडे, दौंड तालुक्यातल्या तिच्या सासरी राहायला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच नांदतात.

भाची म्हणजे राजनंदिनी, माझ्या भावाची मुलगी. मी तरुणपणीच विधवा होऊन मांडवगण फराट्याला माहेरी परतले, आणि आई नसलेली ही पोर माझ्या हाताखाली वाढली. उसाच्या पाचटाचा मी कंबरभर ढीग रचायची, पुढं दोन बांबूंना दोरी बांधायची. नंदी पळत यायची, पाठ फिरवायची आणि दोरीवरून पाचटात पडायची. तिच्या केसांतलं पाचट वेचायला मला अर्धा तास लागे. पुढं ती एक मीटर बहात्तर उंच उडी मारून राज्यात पहिली आली. वर्तमानपत्रातल्या फोटोत तिचे पाय आभाळात होते आणि वेणी खाली लोंबत होती.

सासरच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा नवऱ्यानं, ज्ञानेशनं, तिला उभं केलं. तिनं एकच अट घातली. शाळेमागचं मैदान मुलींच्या उडीसाठी राहील. निवडून आल्यावर रोज सकाळी ती तिथं सात-आठ मुलींना शिकवायची. हौशीराम आप्पांची नात सायली त्यांत सगळ्यात चपळ.

त्या दिवाळीनंतर मुलींना स्पर्धेसाठी चार दिवस पुण्याला न्यायचं ठरलं. निघायच्या सकाळी ज्ञानेश पंचायतीची कोरी लेटरहेडं घेऊन आला.

"एवढ्या सह्या करून जा. तू न्हाईस म्हून कुणाचा दाखला अडायला नको."

"कोऱ्यावर? लिहून आणा, मग करते."

"मॅडम, राज्यात उडी मारलीस, दहा कागदांवर पेन उडवायला काय होतंय?"

नंदीनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत होते. म्हणाले, "कर बाई. नवराच हाय, परका थोडाच हाय."

तिनं दहाही कागदांवर सह्या केल्या.

स्पर्धेत सायली दुसरी आली. मुली गाणी म्हणत गावात परतल्या, तर मैदानात जेसीबी चालू होता. मैदान पडीक आहे, दुकानांच्या गाळ्यांसाठी द्यावं, असं पत्र तालुक्याला गेलं होतं. खाली सरपंचांची सही.

आठवड्यानं ग्रामसभा भरली. तालुक्याहून एक साहेब आले होते. हौशीराम आप्पा उठले.

"बाई, आमच्या पोरींला उडी शिकवता शिकवता पायाखालची जमीनच काढून घेतली व्हय?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी पत्र नंदीपुढं धरलं. "सही तुमचीच आहे ना? कोऱ्या कागदावर घेतली असेल तर आत्ताच सांगा. मैदान परत मिळेल. पण मग घेणाऱ्यावर पोलिसात तक्रार होईल."

ज्ञानेश दाराजवळ उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नंदी बायकांत बसलेल्या माझ्याकडं पाहत राहिली. नवऱ्यावाचून बाईचं जगणं कसं असतं ते मी जन्मभर पाहिलं होतं. सांगू नको, अशी मी मान हलवली.

"सही माझीच हाय," ती म्हणाली. "वाचून केली."

सायली पहिल्या रांगेत बसली होती. ती उठून बाहेर गेली.

मैदानावर नऊ गाळे उभे राहिले. दोनांना अजून भाडेकरू नाही. हौशीराम आप्पा पुढच्या वर्षी वारले. सायलीनं उडी सोडली. आता ती कारेगावात खोली करून राहते आणि रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. ज्ञानेश पंचायत समितीला उभा राहिला आणि पडला. ज्याच्यासाठी मी मान हलवली, ते घर पाच महिनेसुद्धा टिकलं नाही. राजीनामा देऊन नंदी माझ्याकडं मांडवगणला आली ती कायमची. भावाच्या माघारी आम्ही दोघीच असतो. फुलांची शेती तीच बघते.

त्या सकाळबद्दल तिनं मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. फक्त दारात कुरिअरवाला आला, की त्याचा कागद ती आधी पुढून वाचते, मग उलटून कोरी बाजू बघते, आणि पेन माझ्या हातात देते.