इरल्याखालची पाटी

माझ्या पडवीच्या छपरावर सूर्याची पाटी होती, उन्हावर दिवा लावणारी. आमच्या पाड्यातली पहिली. तानशाच्या जंगलातून विजेचे खांब आणायला परवानगी नाय, म्हणून सरकारच्या योजनेतून मिळाली. आमचा हिस्सा भरला, तरी पाटी लगेच आमची नाय. पाच वर्षं नीट वापरली, की मग घरच्या बाईच्या नावावर. लागली २००१ च्या होळीला. म्हणजे २००६ च्या होळीला ती सकुबाईची, माझी. एरवी माझ्या नावावर काय होतं? भांड्यांवरसुद्धा नवऱ्याचंच नाव कोरलेलं.

पाटी लावायला मुरबाडचा महादू आला होता. जाताना म्हणाला, "मावशी, काच आहे. जपा." एवढंच.

मी जपली. जुन्या लुगड्याच्या धडप्यानं दर आठवड्याला पुसली. पाऊस लागला की आमी सगळंच झाकतो, लाकडं, पेंढा, घराच्या भिंतीसुद्धा. तसं पाटीवर माझं इरलं घातलं. लावणीत पाठीवर घेतो ना, ते पानांचं. वरून दोरी आवळली. ऊनच नाय तर ती बिचारी करणार काय? चार महिने रॉकेलची चिमणी. दिवाळीच्या तोंडावर इरलं काढलं, की दिवा परत लखलखीत. असे पाच पावसाळे काढले.

पाचव्या श्रावणात शहापूरहून कुणी पाहणीला आला. आमी सगळी शेतावर. शेजारची भिमी सांगायला आली, "काकू, एक छत्रीवाला तुझ्या इरल्याकडं बघून कायतरी लिवत होता."

"लिवू दे. कधी पाहिलं नसेल मेल्यानं."

माघात जीप आली. पुढं साहेब, मागं पाना घेऊन महादू.

"आजी, तुमचा संच वापरात नाही असा अहवाल आहे. नव्या आदेशाप्रमाणे असे संच काढून दुसऱ्या पाड्याला द्यायचेत."

मी बटण दाबलं. भर दुपारी दिवा लागला. "मग हा काय फुंकर मारून लागला?"

"आज लागतो हो. अहवाल श्रावणातला आहे."

"श्रावणात झाकली होती. जपायला."

साहेब हसले. महादू हसला नाय. जमिनीकडं बघत म्हणाला, "मावशी, ढगातसुद्धा थोडी चार्ज होते ती. पावसानं काचेला काय होत नाय. सांगायचं राहिलं माझं."

"राहिलं तुझं, नि चाललं माझं."

माझा मुलगा देवराम मधे पडला, "आये, सरकारी माणसं हायेत. जाऊ दे."

"तू गप ऱ्हा रे. साहेब, होळीला महिना उरला. महिन्यानं या."

"महिन्यानं ती तुमची होईल आजी. मग मी काढणार कशी?"

माणूस खरं बोलला. मी ओट्यावर बसले.

त्यांनी कागद पुढं केला, अंगठ्यासाठी शाईची डबीही. मी दुसरी शिकलेय. बोट ठेवून वाचलं. 'मी स्वखुशीने संच परत करीत आहे.'

"ही खुशी कुणाची?"

"ते छापीलच असतं."

"मग खोडा. तुमच्या हातानं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, जीपकडं पाहिलं, नि त्या शब्दावर रेघ ओढली. मग मी सही केली. डबी तशीच राहिली.

महादूनं पाटी खाली उतरवली. तिच्यावर धूळ होती. मी सुनेकडून धडपा मागवला नि पुसून दिली.

"कुठं लावणार?"

"मुरबाडकडं, डोंगरात. बाईजा म्हणून म्हातारी आहे."

"तिला पहिल्याच दिवशी सांग, पावसात झाकू नको म्हणावं."

"सांगतो, मावशी."

"वाचता येतं तिला?"

"नाय."

"मग दोनदा सांग."