डावी बाजू वर

मित्रांनो, मी एक किमोनो आहे, जुना आणि सध्या भयंकर वैतागलेला. रेशमाने असं बोलू नये म्हणतात. पण महाराष्ट्र मंडळाच्या तालमीत सहा आठवडे काढा, मग बघू तुम्ही किती गप्प बसता.

माझा जन्म क्योटोचा. गर्द निळ्या रेशमाचे सरळ पट्टे हाताने जोडून मला शिवलं. माझ्या मालकांना, म्हणजे मिचिकोबाईंच्या नवऱ्याला, मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर ओहायोतल्या डब्लिनला आलो. नववर्षाच्या सकाळी ते मला घालायचे आणि टीव्हीवर जुन्या जपानच्या सरदारांच्या मालिका बघत त्यातल्या चुका काढत बसायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. आमच्याकडे जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मेलेल्याला नेसवताना. मिचिकोबाईंनी त्यांना पांढऱ्या वस्त्रात तसं स्वतःच्या हातांनी नेसवलं. मी आपला खणात पडून राहिलो.

मिचिकोबाईंच्या तळघरात भाड्याने राहणारी नेत्रा ही पीएचडी करणारी मुलगी. तिने मंडळासाठी जुन्या जपानवर एकांकिका लिहिली. त्या काळी शोगुनचा, म्हणजे देश चालवणाऱ्या सेनापतीचा, हुकूम असायचा, की सरदाराने एक वर्ष राजधानीत राहायचं आणि एक वर्ष आपल्या मुलखात. बायकामुलं मात्र कायम राजधानीत, ओलीस. अशाच एका सरदाराची आणि त्याच्या बायकोची ही ताटातूट. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना ती समजावून सांगावी लागली नाही.

मिचिकोबाईंनी मला आपणहून काढून दिलं. नेत्राला म्हणाल्या, "त्यांचं ते शेवटचं रूप डोळ्यांसमोरून हलत नाही. हा किमोनो एकदा जिवंत माणसाच्या अंगावर बघितला, तर हलेल कदाचित."

आणि मी कुणाच्या हाती पडलो? सरदार झालेला प्रथमेश पहिल्याच दिवशी म्हणाला, "हा बाथरोब कोणाचा आहे, यार?" मला कपाळ असतं तर हात मारून घेतला असता. हा पठ्ठ्या निरोपाच्या प्रसंगातही मिशीला पीळ द्यायचा, आणि मिशी तर चिकटवलेली! कपडेपट सांभाळणाऱ्या यामिनीकाकूंनी मला डांबराच्या गोळ्या घालून पैठण्यांच्या कपाटात कोंबलं. सांगायचं कुणाला?

प्रयोगाच्या दिवशी नेत्रा मिचिकोबाईंना पहिल्या रांगेत बसवायला गेली. इकडे विंगेत रंगदेवतेची पूजा मांडलेली. प्रथमेश नारळ फोडायला पुढे झाला आणि यामिनीकाकूंनी त्याला थांबवलं.

"पूजेला उभा राहतोयस आणि डावं वर? शुभकामात उजवंच वर हवं."

"काकू, नेत्राने लेफ्ट वर सांगितलंय. दहादा रिपीट केलंय तिने."

"लहान आहे ती. थांब, मी करते."

केलं की! मायेने केलं, पदराने त्याचं कपाळही पुसलं. माझी उजवी बाजू वर घेतली आणि कमरेचा पट्टा असा आवळला की प्रथमेशचा श्वास अडला. मी मनात ओरडत होतो, अहो काकू, तुम्ही त्याचं मढं सजवताय. ऐकतंय कोण?

पडदा उघडला. मिचिकोबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. तो तसाच राहिला. सरदाराचं पहिलं भाषण दहा मिनिटांचं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग सरदाराच्या बायकोच्या वेशात नेत्रा पलीकडच्या विंगेतून आत आली आणि थबकली. तिने मला पाहिलं, पहिल्या रांगेकडे पाहिलं. संहितेत नव्हतं ते केलं. सगळ्या हॉलसमोर नवऱ्याचा पट्टा सोडला. आतला कंपनीचा टी-शर्ट दिसला आणि लोक खो खो हसले. तिने हसू ओसरू दिलं. डावी बाजू वर घेतली, शांतपणे पट्टा बांधला.

"स्वामी, मघाचं तसं मेलेल्याला नेसवतात," ती म्हणाली. "तुम्हाला अजून लांब जायचंय."

मिचिकोबाईंना मराठीचं अक्षर कळत नाही. पण त्यांचा हात खाली आला. प्रथमेश निघाला, तेव्हा पहिल्यांदाच मिशीला हात न लावता निघाला, आणि मिचिकोबाई जागेवर उठून उभ्या राहिल्या. तो विंगेत जाईपर्यंत त्या निरोपासाठी कमरेत वाकून होत्या.

घरी परतताना गाडीत नेत्राला एवढंच म्हणाल्या, "आज ते घरातून निघाले."

तेव्हा मित्रांनो, माझं एक ऐका. दुसऱ्याचं वस्त्र अंगावर घालताना माया पुरत नाही. ज्याचं आहे त्याला विचारा. यामिनीकाकूंनी एकदा विचारलं असतं, तर एका बाईची ती दहा मिनिटं वाचली असती. त्या दहा मिनिटांत तिचा नवरा तिच्यासमोर पुन्हा मेला. आणि मी त्याचाच किमोनो, मला सगळं कळत होतं, पण मला स्वतःची गाठ सोडता येत नाही.