राखणदाराच्या राईतले काजवे

वाडीतला धोंडू दुपारी कणकवलीच्या बाजारातून परतला आणि दारातूनच निरोप सांगून गेला. "तुळसाक्का, सत्यवान काल बेळगावसून इलो. कणकवलीक आपल्या भयणीकडे उतरलो आसा. फाल्या सकाळच्या पयल्या यष्टीन चेडवाक न्हेवक येतलो." तुळसाने हातातलं सूप खाली ठेवलं. पाणी तरी घे, एवढंही म्हणायचं तिला सुचलं नाही.

चेडू म्हणजे सात वर्षांची येसू, तुळसाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती बहीण, लक्ष्मी, गेली तेव्हा सत्यवानाने रडत रडत पोर तुळसाच्या ओटीत घातली होती. आता त्याने दुसरं लग्न केलं, बेळगावात बिऱ्हाड थाटलं, आणि आपली लेक आपल्या घरी हवी असं त्याला वाटू लागलं. यात वावगं ते काय? देवाने ठेवायला दिलेली वस्तू, ज्याची त्याने मागितली. नवरा वारलेल्या, पोटी काही नसलेल्या बाईच्या घरात दोन वर्षं कुणीतरी "मावशे, भूक लागली" म्हणत होतं, हे काय थोडं झालं? तुळसा मनाला समजावत होती आणि मन आपलं ढिम्म.

उद्या बाप न्यायला येणार हे पोरीला सांगायचं होतं, ते मात्र जिभेवर येईना. तोंड उघडावं आणि भलतंच निघावं. "येसू, केस बघ कशे झाले ते, फणी हाड हंय." असं करता करता तिन्हीसांज झाली. देवापुढे दिवा लावून तुळसा म्हणाली, "चल गो, राईत काजवे बघूक जावया."

"आता? काळोखातसून?"

"भियातंस?"

"मी खंय भियातंय. तूच शेजारच्या बाबलीच्या कुत्र्याक भियातंस."

कंदील घेऊन दोघी निघाल्या. मृगाला अजून अवकाश होता. रिकाम्या मळ्यांतून दिवसभराची धग वर येत होती आणि कुठेतरी फणस पिकल्याचा वास सुटला होता. तुळसा चालता चालता शब्द जुळवत होती. देवळात कीर्तन लागलं की तिची जागा खांबाशी ठरलेली. बुवा कुठल्या कुठे हिंडून येत आणि श्रोत्याच्या नकळत त्याला नेमक्या जागी आणून सोडत. जन्मभर ऐकलं, पण ती कला काही तिच्या अंगी उतरली नाही.

राईच्या तोंडाशी राखणदाराचा पाषाण. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावातलं कुणी आत पाऊल ठेवत नाही. एकाने देवाला सांगायचं आणि सोबतच्याने प्रत्येक बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. रुकाराशिवाय गाऱ्हाणं अर्धं. नवरा गेल्यापासून तुळसा राईकडे फिरकली नव्हती. हुंकार देणार कोण?

तिने पानाचा विडा ठेवला आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," येसू ठसक्यात म्हणाली.

"ह्या लेकराक घेवन आज तुझ्या राईत इलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"इंचू-किरडू वाटेत आड येव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तुळसाने डोळे मिटले. दिवसभर माणसाला सांगता आलं नव्हतं ते देवाला सांगणं सोपं गेलं. "फाल्या हिचो बापूस हिका न्हेवक येतलो म्हाराजा."

"व्हय..." येसूचा शब्द तिथेच राहिला.

"थंय बेळगावाक ह्या लेकरू सुखात रवांदे म्हाराजा."

रुकार आला नाही. तुळसा थांबली. मग शेजारून बारीक आवाज आला.

"बा राखणदारा म्हाराजा. माका मावशीकडेच रवाचा आसा म्हाराजा. फाल्याची यष्टी वाटेत बंद पडांदे म्हाराजा." आणि थोडं थांबून, "मावशे, व्हय म्हण. तू म्हटल्याशिवाय तेका कसा पावतला?"

देवाच्या दारी मनात एक आणि जिभेवर एक असू नये, हे तुळसाने किती कीर्तनांतून ऐकलं होतं. पण आता मनात तरी कुठे एक होतं? पोरीचं बरं व्हावं हेही खरं, आणि ती यष्टी कधी पोचूच नये हेही खरं. त्यातलं जे आतून वर आलं ते तोंडातून गेलं.

"व्हय म्हाराजा."

येसूने समाधानाने कंदिलाची वात खाली केली, आणि समोरचं ऐनाचं झाड उजळलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो काजवे, सगळे एका दमात पेटत होते, एका दमात विझत होते. देवळात टाळांचा एक ठोका पडावा तसे. तुळसाचे हात आपोआप जोडले गेले. येसू नाचत सुटली. फाल्या पुन्हा येवया, फाल्या बाबलीकय हाडूया, फाल्या मी एक काजवो ओंजळीत घेतंय काय नाय बघ. तिच्या लेखी उद्याचा निकाल लागला होता. पोर इतकी जवळ नाचत होती आणि तुळसाला त्या राईत आपण अगदी एकटीच उभी आहोत असं वाटलं.

हे असंच चालू दिलं तर सकाळी काय होईल? ती पाषाणापाशी बसली आणि तिने पोरीला जवळ ओढलं.

"येसू, यष्टी बंद पडली तरी तो चलत येयत. कणकवलीसून वाट ती कितकीशी? तुका जावचा पडतला गो, बाये."

येसूने तिचा हात सोडवला आणि झाडाकडे तोंड फिरवलं. काजवे पेटले की तिचा चेहरा दिसे, विझले की दिसेनासा होई.

"मगे तू व्हय कित्याक म्हटलंस?"

तुळसाला बुवांसारखं फिरवून सांगता आलं असतं तर तिने सांगितलं असतं.

"माकाय तसाच होया होता म्हणान," ती म्हणाली.