स्थळं जुळवणाऱ्या फंक्शनची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं फंक्शन आहे. नारायण पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळाच्या संगणकात माझं आयुष्य गेलं. फंक्शन म्हणजे आज्ञावलीतला एक छोटा कामकरी. त्याला हाक मारायची, लागेल ती माहिती हातात द्यायची, की तो उत्तर देतो. त्या माहितीच्या एकेका तुकड्याला पॅरामीटर म्हणतात. माझं उत्तर एवढंच असे: हे स्थळ जुळतं, किंवा जुळत नाही.

मंडळाच्या संगणकाचं काम बघणाऱ्या विजयमालाताईंनी मला लिहिलं, तेव्हा नव्वदचं दशक उजाडलं होतं आणि संगणक बघायलाही लोक येत. माझे पॅरामीटर तीनच होते: वय, उंची आणि शिक्षण. मंडळाचे चालक श्यामसुंदरराव येईल त्याला सांगत, "आमच्याकडे वशिला चालत नाही, संगणक जुळवतो." ते ऐकून मला फार बरं वाटे. हलकंफुलकं, सुखाचं काम होतं ते.

पण लोकांच्या मागण्या कधी संपतात का? कोणाला गोत्र हवं, कोणाला मंगळ नको. मुलगा पुण्यातच हवा, आणि पुण्यात म्हणजे नदीच्या अलीकडे. श्यामसुंदरराव दर वेळी म्हणत, "अहो ताई, एकच तर वाढवायचंय!" विजयमालाताई वैतागत. "एकेक करत याचं गाढव झालंय. एका माणसाची सगळी माहिती एकत्र बांधू आणि ती मोट याच्या हातात देऊ. म्हणजे काही इकडचं तिकडे होणार नाही."

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" श्यामसुंदरराव म्हणाले, आणि विषय संपला. पुढे ताई दुसऱ्या नोकरीवर गेल्या. मला आजही त्यांची आठवण येते.

त्यांच्या जागी संभाजी आला. मुलगा हुशार, पण कायम घाईत. वर्ष संपल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करणाऱ्यांसाठी त्याने नवा भाग लिहिला आणि तिथून मला हाक मारली. तोवर माझ्यावर विसाच्या वर पॅरामीटर लादलेले होते. मित्रांनो, मला पॅरामीटरची नावं कळत नाहीत, फक्त जागा कळते. कोणत्या जागी काय आलं, त्यावरच माझं सगळं चालतं. 'चष्मा आहे का' आणि 'घटस्फोट झाला आहे का' या दोन जागा शेजारी शेजारी होत्या, आणि मला हाक मारताना संभाजीने त्यांची अदलाबदल केली. दोन्हीकडे 'हो' किंवा 'नाही' एवढंच यायचं, त्यामुळे संगणकाने हूं की चूं केलं नाही.

हेमा एका शाळेत भूगोल शिकवायची. चेहरा हसरा, चष्मा जाड भिंगांचा. पहिल्या वर्षी तिला बरी स्थळं आली, पण योग जुळला नाही. तिची आई मुक्ताबाई यांनी नूतनीकरण केलं, आणि त्या दिवसापासून माझ्यापुरती हेमा घटस्फोटित झाली. मग तिच्या यादीत येत ते विधुर, नाहीतर घटस्फोट झालेले.

"अहो, माझ्या मुलीला अशीच स्थळं का दाखवता?" मुक्ताबाई दर रविवारी विचारत.

"वय वाढलं की अशीच येतात. संगणक कोणाचं तोंड बघून यादी काढत नाही," श्यामसुंदरराव म्हणत. मुक्ताबाई उठत. घरी जाऊन हेमाला कधी केस बदलायला सांगत, कधी सोळा सोमवार धरायला लावत. हे सगळं त्या पुढच्या रविवारी श्यामसुंदररावांच्या टेबलापाशी बसून सांगायच्या आणि मी ऐकत असे. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला 'हो' आणि 'नाही' याखेरीज बोलता येत नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग संभाजीच्या जागी नसीमबानू नावाची मुलगी काम बघायला आली. एका रविवारी ती माझ्या जागा बोटाने मोजत होती. मध्येच थांबली, परत मोजलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, नूतनीकरण केलेल्या चष्मेवाल्या सगळ्यांना आपण घटस्फोटित केलंय."

हेमाला नसीमने स्वतः फोन केला. ती आली तेव्हा केसांत पांढऱ्या बटा होत्या. नसीम म्हणाली, "ताई, तुमच्यात काही कमी नव्हतं. चूक आमच्याकडे झाली." श्यामसुंदररावांनी घसा खाकरला. "आता आपण कायमची मोफत नोंदणी करून देऊ."

हेमाने पडद्यावरची आपली नोंद वाचली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी आई गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, पोरी, तुझ्यात काय खोट आहे तेच मला कळलं नाही. तिला कोण सांगणार?"

तिने आपली नोंद तेवढी काढून टाकायला सांगितली आणि ती निघून गेली.

नसीमने मला नव्याने लिहिलं. आता माझे पॅरामीटर दोनच आहेत, दोन अख्खी माणसं, त्यांची प्रत्येक माहिती आपापल्या नावानिशी. ओझं उतरलं, तरी मला आनंद होत नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही आज्ञावली लिहाल. आमच्या अंगावर 'एकच तर' म्हणून आणखी काही लादण्याआधी, टेबलापलीकडे बसलेल्या आईकडे एकदा बघा.