तिसरी चकती

बायको गेल्याचं मला छापखान्यात कळलं. सकाळचे अकरा वाजले असतील. मुलगी हॉस्पिटलात तिच्याजवळ बसली होती. तिनेच मला म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही दोन तास कामावर जाऊन या. इथे नुसते येरझाऱ्या घालताय."

बाइंडिंगच्या टेबलावर चार बायका पुस्तिकांच्या उघड्या कडांना गोल चिकट चकत्या लावत होत्या. त्यांतली सगळ्यात जुनी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, तिने एक पुस्तिका उचलून दाखवली. चकती अर्धी सुटली होती.

"ही कोणी लावली गं? वहिनीची चकती झालीय बघ. दाब परत."

बाकीच्या हसल्या. मग मी तिथेच उभा आहे हे मावशीच्या लक्षात आलं. "भाऊ, सवयीने आलं तोंडात," ती म्हणाली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाबा, या."

"काय झालं?"

"या तुम्ही. आई गेली."

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते मी लिहून ठेवणार आहे. आपल्याला आता कोणी जाब विचारणार नाही, असं मला वाटलं. निमिषभरच. मग मावशीने स्टूल पुढे केलं.

त्या टेबलावरची वहिनी म्हणजे माझी बायको. सुटलेल्या चकतीला तिचं नाव पडलं ते माझ्यामुळे.

आमचा छापखाना टपालाने जाणाऱ्या पुस्तिका करतो. दुकानांच्या यादी-पुस्तिका, शाळांची माहितीपत्रकं, असलं काम. त्यांना पाकीट नसतं. पाठीवर पत्ता लावला की तशाच जातात. त्यांची आखणी मी करतो. कागद किती जाड, घडी कुठल्या बाजूला, पत्ता कुठे, सगळं मी ठरवतो. वरवर सोपं वाटतं, पण टपालात पुस्तिका माणसाच्या हातात फार थोडा वेळ असते. बाकीचा वेळ ती मशीनमध्ये असते. मशीन तिला दोन पट्ट्यांच्या मध्ये उभी धरून पळवतं, एका सेकंदाला दहाच्या हिशेबाने. म्हणून घडी खाली हवी. पत्त्याखाली बोटभर जागा कोरी हवी, कारण मशीन तिथे आपल्या बारकोडच्या रेघा छापतं. आणि उघड्या कडा गोल चिकट चकत्यांनी बंद हव्यात, पुढच्या कडेला दोन आणि मागच्या कडेला एक. मशीनमध्ये आधी शिरते ती पुढची कड जरा जरी उघडी राहिली तरी पट्ट्यात अडकते. पुस्तिका फाटते, मागच्या तिच्यावर आदळतात आणि अख्खी रांग बंद पडते.

चकत्या लावायचं टेबल एकोणीस वर्षं माझ्या बायकोकडे होतं. तिची लाकडी पट्टी होती, त्या पट्टीने ती चकती घासून बसवायची. तिने बसवलेली चकती नखाने निघायची नाही, कागद फाटायचा.

आमची एक पद्धत होती. कुठलंही नवं काम छपाईला जाण्याआधी मी पाच नमुने करायचो, ती त्यांना चकत्या लावायची, आणि त्यातला एक मी तिच्याच नावाने आमच्या घरी टपालात टाकायचो. आला की ती दारातच उभी राहून उलटा-सुलटा करायची, कोपरे बघायची आणि मागे पेन्सिलीने लिहायची, "पास". नाहीतर काय बिघडलं ते लिहायची. तो नमुना मी कामाच्या फाइलला लावायचो. तो लागल्याशिवाय मालक छपाई सुरू करू द्यायचे नाहीत. मुलगी लहान असताना शेजाऱ्यांना सांगायची, "आमच्या आईला सगळ्यात जास्त पत्रं येतात, पण कोणीच तिला काही लिहीत नाही."

गेल्या वर्षी एका रोपवाटिकेचं काम आलं. नऊ हजार पुस्तिका. मुखपृष्ठावर मी एक मोठं लाल डेलियाचं फूल घेतलं होतं. त्याच्या पाकळ्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणल्या होत्या. इतकं चांगलं मुखपृष्ठ माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पण पुढची खालची चकती नेमकी पाकळ्यांवर यायची. मी ती काढून टाकली. पुढे मधोमध एक, मागे एक, अशा दोनच ठेवल्या.

नमुना घरी आला. बायको तो घेऊन स्वयंपाकघरात आली.

"अहो, हा कोपरा बघा. दुमडलाय."

"पोस्टमनने कोंबला असेल पिशवीत."

"पोस्टमन रोजचाच आहे. आजच बरी त्याला कोंबायची बुद्धी झाली?"

"मग काय फुलाच्या तोंडावर चकती लावू?"

"लावा. फूल दिसायला आधी घरी पोचायला नको का?"

"हे बघ, आखायचं काम माझं. चिकटवायचं तुझं."

"बरं साहेब," ती म्हणाली. आणि तरीही पेन्सिल घेऊन तिने मागे लिहिलं, "पुढची कड खाली उघडते. तिसरी चकती हवी."

तो नमुना मी फाइलला लावला नाही. घरातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकला. उरलेल्या चारांतला एक, टपालात न गेलेला, घेतला आणि त्याच्यामागे स्वतःच "पास" लिहिलं. त्यावर टपालाचा शिक्का नव्हता. कोणी बघितलं नाही.

पुस्तिका टपालात पडल्या आणि तिसऱ्या दिवशी टपालखात्यातून फोन आला. मशीन चार वेळा बंद पडलं होतं. पोती परत आली. मालकांनी एक पोतं बाइंडिंगच्या टेबलावर रिकामं केलं. फुलाचे तुकडे तुकडे झाले होते.

"आखणी चुकली की चिकटवणी?" मालकांनी विचारलं. त्यांच्या हातात फाइल होती. "नमुना तर पास आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको टेबलापलीकडे उभी होती, हातात पट्टी. खरं सांगायला एवढा वेळ मला कधीच मिळाला नव्हता. तरी मी म्हणालो, "चकत्या नीट दाबल्या गेल्या नसतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. एखादा कोपरा तपासावा तसं पाहिलं. मग मालकांना म्हणाली, "असेल. हल्ली माझ्या हातात जोर राहिलेला नाही."

मला सुटल्यासारखं झालं. तिने माझी चूक पदरात घेतली, असं मी समजलो. घरी जाताना तिला म्हटलंही, "सांभाळून घेतलंस." मालकांनी तिला टेबलावरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं, मावशीला टेबल दिलं. सुटलेल्या चकतीला "वहिनीची चकती" म्हणायला तेव्हापासून सुरुवात झाली. तिच्या तोंडावरही म्हणायचे. तीही हसायची. "माझं नाव मागे राहील म्हणायचं," म्हणायची.

तीन महिन्यांनी तिच्या हातून भरलेलं पातेलं सुटलं. मग हॉस्पिटल, तपासण्या. डॉक्टरांनी विचारलं, "हातातला जोर कधीपासून गेला?"

ती म्हणाली, "यांना माहीत आहे."

मला माहीत होतं. तारखेसकट माहीत होतं. तिने ते टेबलापाशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी ते माझ्या सोयीचं म्हणून ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले की तेव्हाच आणलं असतं तर उपचाराला वेळ मिळाला असता. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

हॉस्पिटलात एकदा मुलगी खाली गेली असताना मी बायकोला म्हणालो, "मी मालकांना सांगणार आहे. चूक माझी होती म्हणून."

"आता सुचलं?"

"उद्याच सांगतो."

"उद्या नको. मी घरी येऊ द्या. मी कामावर आले की सांगा, टेबलापाशी, सगळ्यांसमोर. मला मावशीचं तोंड बघायचंय." ती हसली आणि तिला खोकला आला. मी पाणी दिलं. ग्लास तिला धरता येत नव्हता. मी धरला.

ती घरी आली नाही.

गेल्या महिन्यात तीच रोपवाटिका परत आली. या वेळी मी फूल वर सरकवलं आणि तीन चकत्या आखल्या. मालक आखणी बघत म्हणाले, "तीन कशाला? गेल्या वेळी दोनवर पास झालं होतं ना. गडबड चिकटवण्यात झाली." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "जाऊ द्या. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं."

"तीन असू द्या. खात्री बरी," मी म्हणालो. माझ्या पिशवीत त्या वेळी तो दुमडलेला नमुना होता. ती गेल्यापासून रोज मी तो छापखान्यात नेतो आणि रोज परत आणतो. तिचं पेन्सिलीचं अक्षर पिशवीत घासून पुसट होत चाललंय.

नवा नमुना मी टपालात टाकला. जुनाच पत्ता कॉम्प्युटरमध्ये होता, तो तिच्याच नावाने आला. त्या दिवशी मुलगी घरी होती. तिने दार उघडलं आणि कितीतरी वेळ नाव वाचत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्या नऊ हजारांचं आईला फार लागलं होतं का? मला कधी बोलली नाही. आपल्या हातून झालं म्हणून मनाला लावून घेतलं असेल तिने."

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत?"

मी तिच्याकडून नमुना हातात घेतला. कोपरे सरळ होते, कडा बंद होत्या, रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. मागे "पास" लिहायला मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

नवी छपाई थांबलेली आहे. मालक रोज नमुना मागतात, मी उद्या देतो म्हणतो. फाइलला दोन्ही नमुने एकत्र लावायचे आणि टेबलापाशी उभं राहून सांगायचं, एवढंच काम आहे. मालकांना, मावशीला आणि मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.