अकराव्या पानावरचा स्थिरांक

मंगळवारी दुपारी मारेन हाउगे माझ्या खोलीत आली आणि तिने मागे दार लावून घेतलं. सहा वर्षं मी तिचा गाईड होतो, पण माझं दार तिने कधी लावलं नव्हतं. कोट अंगातच होता. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी होत होतं, त्याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

"सर, स्टेनमार्क सरांच्या पेपरचं अकरावं पान तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?"

"दरवर्षी शिकवतो की."

"शिकवता हो. वाचलंत कधी?"

मी हसलो. ती हसली नाही.

गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ कुठे तडकेल, याचं गणित आमच्या विभागात चालतं. बर्फाचा थर अगदी पातळ धरला की गणित सोपं होतं, आणि थर कितीही पातळ झाला तरी उत्तरातली चूक एका मर्यादेबाहेर जात नाही, हे ऑर्विल स्टेनमार्कने तेहेतीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. मिनेसोटाच्या या थंड कोपऱ्यातल्या आमच्या विभागाचं नाव चार ठिकाणी ऐकू येतं, ते त्या एका सिद्धांतामुळे. मारेनचा अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. सिद्धता लिहिताना वाटेत जे स्थिर आकडे येतात, त्यांना वेगवेगळी नावं देत कुणी बसत नाही. सगळ्यांना 'सी' म्हणायचं. एका ओळीतला सी पुढच्या ओळीत तिप्पट झाला तरी तोही सीच. सुरुवातीला एक वाक्य टाकून ठेवायचं, की हा सी ओळीगणिक बदलेल, पण थराच्या जाडीवर तो अवलंबून नाही. वाचणाऱ्याने त्या वाक्यावर श्रद्धा ठेवून पुढे जायचं. आम्ही सगळे असंच लिहितो आणि असंच वाचतो.

मारेनने कागद माझ्यापुढे सरकवला. अकराव्या पानावर एका ओळीत एक भागिले जाडी होतं. पुढच्या ओळीत ते नव्हतं. सीच्या पोटात गेलं होतं. म्हणजे थर जसा पातळ होईल तसा सी फुगत जाणार, आणि ती मर्यादा मर्यादाच राहणार नाही.

मी तीनदा पाहिलं. तिचं बरोबर होतं.

"सिद्धांत खोटा असेल असं नाही," ती म्हणाली. "पण सिद्ध झालेला नाही. तो काढला तर माझ्या प्रबंधात उरतं काय? प्रस्तावना, आणि आईला अर्पण केलेलं पान."

एप्रिलच्या चौदा तारखेला तिची तोंडी परीक्षा होती. मे महिन्यात फेलोशिप संपत होती. नेब्रास्कातल्या एका कॉलेजने तिला जागा देऊ केली होती, पण पदवी हातात असेल तर. आणि या गुरुवारच्या सेमिनारला बोलणारीही तीच होती.

"गुरुवारी हे काढू नकोस," मी म्हणालो. "एप्रिल होऊन जाऊ दे. मग निवांत बसू आणि दुरुस्ती छापू, दोघांच्या नावाने."

"आणि स्टेनमार्क सर?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे, मारेन. ऑक्टोबरात बायको गेली. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडतो, तो आपल्या सेमिनारसाठी. त्याला सगळ्यांदेखत हे ऐकवायचं?"

"म्हणजे कुणाला कळणार नाही."

"इतक्यात नाही."

ती उठली. मग कागदाची घडी घालून निघून गेली. मला वाटलं, आपण दोन जिवांवर दया केली.

गुरुवारी साडेतीनच्या आधी कॉफीच्या खोलीत नेहमीची मंडळी जमली. ऑफिसातल्या रोंडाने घरून लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. स्टेनमार्क आला, टोपी काढून त्याने दोन वड्या रुमालात बांधल्या. विभागप्रमुख ग्लेन पाविचने त्याला छेडलं, "काय ऑर्विल, आज झोपणार की प्रश्न विचारणार?"

"दोन्ही करीन. तुझ्या भाषणाला नुसताच झोपलो होतो."

मंडळी हसली. पहिला प्रश्न ऑर्विलचा, हा आमच्याकडचा मान. तो कुणी ठरवला, कुणाला आठवत नाही. तो बोलेपर्यंत दुसरं कुणी हात वर करत नाही. डुलकी लागलेली असेल तर पाविच थांबतो, रोंडा खुर्ची जरा वाजवते, मग ऑर्विल डोळे उघडून असं काही विचारतो की वक्त्याच्या हातातला खडू गळावा.

मारेन फळ्यापाशी उभी राहिली. तिचा पूर्वरंग सुरेख झाला. सरोवर कसं गोठतं, वाऱ्याने बर्फाखालचं पाणी कसं हलतं, मासेमारीला गेलेल्यांना पायाखाली कोणता आवाज आधी ऐकू येतो. चांगल्या बुवांच्या कीर्तनात माणसं जशी हळूहळू मांडी घालून बसतात, तशी सगळी खोली बसली. मग ती त्या ओळीवर आली. मी दुसऱ्या रांगेत होतो. मनात एकच धावा चालला होता, की ही ओळ ओलांडून पुढे जाऊ दे.

तिने सी लिहिला आणि हात खाली घेतला.

"इथपर्यंत मी सहा वर्षं येत होते," ती म्हणाली. "आज इथून पुढे मला जाता येत नाही." आणि सीच्या पुढे तिने कंसात लिहिलं, एक भागिले जाडी.

बरोबर चार वाक्यांत तिने चूक दाखवली. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पाविचने माझ्याकडे वळून पाहिलं, मी फळ्याकडे पाहत राहिलो. कोपऱ्यातला हीटर तेवढा टकटक करत होता. पहिला प्रश्न ऑर्विलचा, म्हणून सगळे पुढच्या रांगेकडे बघत बसले. तो जागा होता.

"नुसती जाडी नाही," तो म्हणाला. "जाडीचा वर्ग. दहाव्या पानावर एक जाडी आधीच सीत गेलेली आहे. तू म्हणतेस त्याहून ते वाईट आहे."

मारेन वळली. फळ्याच्या कडेला तिने भराभर आकडेमोड केली. "हो," ती म्हणाली, "वर्ग." आणि मग तिचा हात तिथेच थांबला. हीटरने आमची पाठ शेकत होती तरी खोली गार पडली.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"केव्हापासून?"

नेमकी तारीख सांगायला हवी, अशा थाटात त्याने विचार केला. "पेपर छापून आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून. दुरुस्त करायला बसलो होतो. तीन हिवाळे बसलो. जमलं नाही. तोवर लोक वापरायला लागले होते."

"मी दर महिन्याला तुमच्याकडे येत होते, सर. तुम्ही माझं एकेक प्रकरण वाचलंत. त्यातले स्वल्पविरामसुद्धा सुधारलेत."

"ते चुकलेले होते."

मागे कुणीतरी सवयीने हसलं आणि गप्प झालं.

"मला वाटायचं, तू विचारशील," ऑर्विल म्हणाला. आता तो तिच्याकडे न बघता मांडीवरच्या टोपीशी बोलत होता. "पहिल्याच वर्षी विचारशील असं वाटलं होतं. मग दर खेपेला वाटायचं, आज विचारेल. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, पोरी."

"आणि मी विचारलं नाही म्हणून तुम्ही सहा वर्षं स्वल्पविराम बघत बसलात."

त्याने टोपी उलटी करून पुन्हा मांडीवर ठेवली.

"आणखी कुणाचा प्रश्न?" पाविचने विचारलं, कारण तसं विचारायचं असतं. प्रश्न नव्हता. मग टाळ्या वाजल्या, कारण त्याही वाजवायच्या असतात.

पुढचं सगळं रीतसर झालं. समितीने मारेनचा काही दोष नाही असं लिहून दिलं. ऑर्विलने नियतकालिकाला स्वतः पत्र पाठवलं आणि चूक दाखवणारी दुरुस्ती मारेनच्या एकटीच्या नावाने छापून आली. दोन पानं. दोन पानांवर पीएच.डी. होत नाही. विद्यापीठाने तिला एका सत्राची मुदत वाढवून दिली, बिनपगारी. नेब्रास्काचं पत्र फार सभ्य होतं.

ऑर्विल गुरुवारी यायचा बंद झाला. एका रविवारी चर्चहून परतताना मी त्याच्याकडे सूप घेऊन गेलो. जेवणाच्या टेबलावर त्याने तीन जुन्या वह्या काढून ठेवल्या होत्या, तीन हिवाळ्यांच्या. "तिला दे," तो म्हणाला. "तिसरीत एक वाट आहे. अर्धी. कदाचित ती पुढे नेईल."

मी त्या मारेनला नेऊन दिल्या. तिने हात लावला नाही. "माझ्यात आता तेवढा विश्वास उरला नाही, सर. प्रत्येक ओळीवर थांबते. काल किराण्याची यादी तीनदा तपासली."

मेच्या पहिल्या शनिवारी तिने टेबल रिकामं केलं. भावाच्या लाकडाच्या वखारीत हिशेब बघायचं काम तिने धरलं होतं. एक खोकं मी गाडीपर्यंत उचलून नेलं. सरोवरावरचा बर्फ मधोमध अजून शिल्लक होता, मळकट झालेला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. देवाशपथ नाही."

"त्या मंगळवारपर्यंत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला कळलं, आणि अर्ध्या तासात तुम्ही मलाच गप्प बसायला सांगितलंत. त्यांना निदान तीन हिवाळे लागले."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खोकं धरून उभाच होतो. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, बाजूच्या सीटवर ठेवलं आणि पडू नये म्हणून त्याला पट्टा लावला.

"पोचलीस की कळव," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

तिने कळवलं नाही. मीही विचारलं नाही.