गोल्ड सदस्याचे पाय

विमान कंपनीने सदस्यांच्या पातळ्यांची नवी रचना लागू केली त्या सकाळी माझा नवरा स्वयंपाकघराच्या फरशीत घोट्यांपर्यंत उतरलेला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो खाली बघत होता. फरशीला तडा गेलेला नव्हता. मी वाकून त्याच्या पायाभोवती एक पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. कातडी आणि फरशी यांच्यामध्ये ते कुठेच शिरेना. दुखतंय का, असं विचारलं, तर मोजा जरा घट्ट झाल्यासारखं वाटतंय म्हणाला.

"आणि खालचे पंजे? गार आहेत की गरम?"

"कोमट," श्रीकर म्हणाला. "कुणाच्या तरी कुकरची वाफ लागतेय."

आमच्या खाली बोकारेकाकू राहतात. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे.

श्रीकर साखर कारखान्यांतली, मळीतून साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं दुरुस्त करायचा. आमच्या लग्नाची बहुतेक वर्षं तो सोमवारी सकाळी नागपूरहून उडाला आणि शनिवारी परत आला. सारखं उडणाऱ्या सदस्यांना मिळते ती सिल्व्हर पातळी मिळाली तेव्हा तो जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागला, गोल्ड मिळाली तेव्हा चार बोटं. त्याची आम्हाला सवय झाली होती. त्याच्या बुटांचे तळ कधी झिजले नाहीत, आणि पावसाळ्यात तो घरात चिखल आणत नसे. मी एम.एस्सी.ला त्याच्या वर्गात होते तेव्हा आमची उंची सारखी होती. गोल्डच्या काळात त्याच्याशी बोलताना मला मान थोडी वर करावी लागे, एवढाच फरक.

मग त्याच्या कंपनीने यंत्रं दुरूनच, पडद्यावर बघून दुरुस्त करायला सुरुवात केली आणि त्याचं उडणं थांबलं. तो चार बोटांवरून जमिनीवर येईल हे आम्ही धरून चाललो होतो. पण नव्या रचनेत विमान कंपनीने वर दोन पातळ्या वाढवल्या आणि खालच्या दोन काढून टाकल्या. म्हणजे शून्य होतं तिथे राहिलं नव्हतं, वर सरकवलं होतं. जे जमिनीवर यायचे ते आता जमिनीच्या खाली येत होते. मी कधीच सदस्य नव्हते, म्हणून माझ्यासाठी फरशी ही फरशीच होती.

दुपारी बोकारेकाकू वर आल्या. त्यांनी दारातूनच सांगितलं, "तुमच्या साहेबांचे पाय आले आहेत जी आमच्याकडे."

मी दिलगिरी व्यक्त केली. काकू म्हणाल्या की तसं काही नाही, मोकळ्या छतापेक्षा बरं दिसतं. त्यांना आश्चर्य वाटलं ते तळव्यांचं. इतक्या मोठ्या माणसाचे तळवे असे बाळासारखे कसे, म्हणून त्यांनी हात लावून पाहिला होता. तेव्हाच पायाला काहीतरी लागल्याचं श्रीकर मला सांगत होता.

"नखं मात्र कापा म्हणावं," काकू म्हणाल्या. "की मीच कापू? माझ्याकडे नेलकटर आहे."

"कापा," श्रीकर आतून म्हणाला.

त्यांनी कापली. तो चहा पीत उभा होता आणि मधूनमधून गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता.

हलायला त्याला अडचण नव्हती. ढोपरभर पाण्यातून चालावं तसा तो फरशीतून चालायचा. फक्त बीम आली की खांद्याने गर्दीतून वाट काढावी तसं त्याला तिरकं व्हावं लागे. पण बोकारेकाकूंच्या हॉलमध्ये पंखा होता आणि झोपण्याच्या खोलीत त्यांचे यजमान दिवसभर पडून असत. त्यांना छतातून पाय फिरताना दिसले की चक्कर यायची. म्हणून तो हॉलमध्ये जाईना, मग झोपण्याच्या खोलीतही जाईना. आमचं घर त्याच्यापुरतं स्वयंपाकघराएवढं झालं.

दर एक तारखेला विमान कंपनी आढावा घेई. एका आढाव्यानंतर तो पोटऱ्यांपर्यंत गेला, त्यानंतरच्या आढाव्यात गुडघ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. ओटा त्याला उंच पडू लागला, तेव्हा मी विळी आणि पाट खाली मांडले. तो भाजी चिरायला शिकला. इतकी वर्षं तो घरी पाहुण्यासारखा यायचा, विमानतळावरच्या लाउंजमधून उचललेल्या संत्र्याच्या मार्मलेडच्या चिमुकल्या बाटल्या माझ्या हातात ठेवायचा आणि पुन्हा बॅग भरायचा. मला मार्मलेड आवडत नाही हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता मी प्रयोगशाळेतून घरी आले की तो तिथेच असायचा, जिथे सोडून गेले होते तिथेच, आणि मला विचारायचा की आज कुठल्या विहिरीचं पाणी आलं, क्षार किती निघाले. मी पाणी तपासते हे त्याला ठाऊक होतं, पण विहिरींची नावं त्याने पहिल्यांदाच ऐकली.

मी रोज पेन्सिलने त्याच्या पँटवर फरशीच्या रेषेत खूण करत असे. एका सकाळी मी खूण करत असताना तो म्हणाला की हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी तो बोकारेकाकूंकडे पूर्ण गेलेला असेल, आणि त्यांच्या फरशीतून तळमजल्यावर, आणि तळमजल्याखाली तर नुसती माती आहे. हे त्याने पाण्याची टाकी भरली का, असं विचारावं तशा आवाजात सांगितलं. मी पेन्सिलचं टोक पुन्हा केलं. टोक चांगलं होतं.

मार्च आला. दर मार्चमध्ये श्रीकर एक काम करत असे, ते सगळे जुने सदस्य करतात. वर्ष संपायच्या आत पातळी टिकवायला अंतर कमी पडत असेल, तर तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लांबचं वळण घेणारं तिकीट काढायचा, कुठेही विमानतळाबाहेर न पडता फिरून घरी यायचा. या वेळीही आपण तेच करू, म्हणाला. नागपूरहून कोलकाता, तिथून बंगळूर, तिथून परत. तिकिटं सवलतीत मिळाली. तो इतका खूश झाला की मी दोन काढली.

टॅक्सीत त्याचे पाय रस्त्याच्या आतून आमच्याबरोबर येत होते. वर्धा रोडवर नवीन डांबर टाकलेलं होतं, तिथे जरा चटका बसला म्हणाला. विमानतळावर काउंटरवरची मुलगी खुर्चीतून उठून वाकली, कारण बसून तिला तो दिसत नव्हता.

"सर, आपण पूर्वी गोल्ड होतात ना?"

"होतो."

"मी आपल्याला ओळखते. आपण नेहमी वरून यायचात." मग तिने त्याला खिडकीची जागा दिली, जी खरं तर शिल्लक नव्हती.

लाउंजच्या काचेसमोर तो थोडा वेळ थांबला. आत चार-सहा माणसं गालिच्यापासून वेगवेगळ्या उंचीवर उपमा खात होती. एक जण तर छताला डोकं टेकवून होता आणि त्याची बशी वेटर काठीने वर पोचवत होता. श्रीकर म्हणाला, "नव्या वरच्या पातळीवरचा दिसतो. जेवायचे हाल आहेत बिचाऱ्याचे."

विमानात त्याला बसावं लागलं नाही. सीटच्या पुढच्या जागेत तो उभा राहिला, तरी शेजाऱ्यांच्या उंचीचाच दिसत होता. पट्टा मात्र त्याला लावायला लावला, तो छातीवरून आला. त्याचे पाय खाली सामानाच्या कप्प्यात होते. पाय पसरायला आयुष्यात एवढी जागा मिळाली नव्हती, असं तो मला म्हणाला. कोलकात्यापर्यंत कुणाचा तरी कुत्रा त्याची बोटं चाटत होता. कुत्रा घाबरलेला आहे हे त्याला जिभेवरून कळत होतं, म्हणून त्याने उतरेपर्यंत पाय हलवले नाहीत.

बंगळूरला मी त्याला इडली आणून दिली. एका खांबाला टेकून, मी जमिनीवर बसून आणि तो उभा राहून, आम्ही ती एकाच बशीतून खाल्ली. असं आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर खायचो. तेव्हाही चटणी तोच संपवायचा.

नागपूरला परत आल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळ उभे असताना त्याच्या मोबाइलवर संदेश आला. तो वाचून पुरा व्हायच्या आत तो छातीपर्यंत खाली गेला. मोबाइल फरशीवर सरकत पट्ट्याखाली गेला आणि मी तो छत्रीने बाहेर काढला. नव्या रचनेत अंतर मोजतच नव्हते. तिकिटाची किंमत मोजत होते. सवलतीचं तिकीट म्हणजे सदस्याने स्वतःच सांगितलेलं की आपली पातळी एवढीच धरावी.

"हे खाली बारीक अक्षरात होतं," श्रीकर म्हणाला. "मी गोल्ड होतो गं. गोल्डवाले बारीक अक्षर वाचत नाहीत."

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. आता त्यासाठी मला वाकावं लागत होतं.

घरी आल्यावर मी विमान कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. मी तिला विचारलं की खातं बंद करता येईल का.

"येईल, मॅडम. पण बंद व्हायच्या आधी एक आढावा मध्ये येतो. त्यात सरांची जी पातळी ठरेल तीच कायमची राहील."

"ते आत्ताच छातीपर्यंत गेलेत."

"छाती आमच्याकडे दिसत नाही, मॅडम. आमच्याकडे फक्त पातळी दिसते."

पुढच्या आढाव्यात किती खाली जातील, असं विचारल्यावर तिने उलट मलाच सदस्य होण्याबद्दल विचारलं. मी सदस्य झाले तर आमचं कुटुंब खातं उघडता येत होतं. कुटुंब खात्यात होकार दिल्याक्षणी दोघांची पातळी एकच धरली जाते.

"एकच म्हणजे कुणाची? त्यांची की माझी?"

"दोघांची, मॅडम."

"म्हणजे सरासरी?"

"एकच, मॅडम," ती पुन्हा म्हणाली, आणि हे तिला खरोखर सांगता येत नाहीये हे माझ्या लक्षात आलं. "आपल्या मोबाइलवर दुवा पाठवते. आढाव्यापूर्वी होकार द्या."

आढावा दुसऱ्याच दिवशी होता.

मी ओट्याला टेकून विचार केला. गरम पाणी आणि गार पाणी एकत्र केलं तर दोन्हींचं तापमान एक होतं, आणि ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. कुठे, ते कोणतं पाणी किती आहे त्यावर ठरतं. तो छातीपर्यंत होता आणि मी फरशीवर. मी कमी नसेन तर आम्ही दोघं मांड्यांपर्यंत थांबलो असतो. मांड्यांपर्यंत माणसाला पुष्कळ करता येतं. पण मी किती आहे, हे मला मोजता येत नव्हतं. मी कधी कुठे गेलेच नव्हते.

श्रीकर माझ्याकडे बघत होता. मी काय हिशोब करतेय ते त्याला कळलं होतं. आम्ही दोघांनी तो एकाच फळ्यावर शिकला होता.

"नलिनी, तू वरच राहा," तो म्हणाला. "घरात कुणीतरी जमिनीवर पाहिजे. गॅस बंद करायला तरी."

"गॅस मी आत्ताच बंद केलाय."

"आणि तुझ्या विहिरी?"

"त्या खालीच असतात."

तो हसला, पण डोळे मिटून घेतले. मग म्हणाला की त्याला खाली वाईट वाटत नाही. काकू पायांशी बोलतात, त्यांनीच वर येऊन तसं सांगितलं. रोज काय भाजी केली ते सांगतात. यजमानांना बरं नसलं की सगळ्यांत आधी पायांना सांगतात. फक्त कान आणि तोंड वरच असल्यामुळे त्याला ना ऐकू येतं ना उत्तर देता येतं, मग तो अंगठा हलवतो. कधी हलवायचा हे त्याला आवाजाच्या कंपनावरून कळतं. तू आलीस तर त्यांना कळणार नाही कुणाचे पाय कुठले, म्हणाला.

"कळेल," मी म्हटलं. "माझ्या टाचा फुटलेल्या आहेत."

मी दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे कुणाला यायचं असलं तर येता येईल. भिजवलेली मटकी फडक्यात बांधून खालच्या फळीवर ठेवली, हात पुरेल अशी. मग त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मोबाइलवर माझं नाव भरलं. जन्मतारीख भरली. उड्डाणाचा हेतू विचारला होता, तिथे पर्यायांत व्यवसाय, पर्यटन आणि इतर होतं. मी इतर निवडलं.

"थांब," श्रीकर म्हणाला. त्याने दोन्ही हात फरशीवरून पुढे केले आणि तळहात वर करून धरले. मी मोबाइल खाली ठेवला, वाकून एक हात त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताचं बोट होकारावर टेकवलं.

आधी काही झालं नाही. मग फरशी माझ्या घोट्यांना घट्ट मोज्यासारखी लागली, आणि तो म्हणाला होता तसंच वाटलं, दुखलं नाही. ती पोटऱ्यांवरून वर आली, गुडघ्यांवरून वर आली. त्याचे खांदे मोकळे झाल्यासारखे वाटले, पण तो वर येतोय की मीच खाली जातेय हे ठरवायला खोलीत एकही गोष्ट स्थिर उरली नव्हती. ओटा उंच होत गेला. फ्रिजच्या खाली एक वाटाणा दिसला. आमचे डोळे एका रेषेत आले, जसे ते प्रयोगशाळेच्या लांब बाकावर यायचे, आणि मला मान वर किंवा खाली करावी लागली नाही.

"थांबलो का?" त्याने विचारलं.

"बघते."

माझ्या पावलांना वाफ लागली आणि फोडणीचा वास टाचांकडून वर आल्यासारखा वाटला. खाली, आम्हाला दोघांनाही न दिसणाऱ्या त्या खोलीत, त्याच्या पायाने माझा पाय शोधला आणि त्यावर तळवा ठेवला. तो खरंच बाळासारखा मऊ होता. तेवढ्यात माझ्या पायांतल्या सपाता कुणीतरी खालून एकेक करून हलकेच काढून घेतल्या.